बाकामागच्या लोरेनकाकू

लोरेनकाकूंची आणि माझी ओळख बर्फावर झाली नाही. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी एडमंटनला येऊन मला तीन आठवडे झाले होते. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये होता आणि पाच वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता. कार्यक्रम लांबत चालले, तेव्हा नवीन आणि रिकामी दिसले म्हणून कुणीतरी मला वेळ पाहायला बसवले. मी प्रत्येक नाचाची, गाण्याची आणि दोन कार्यक्रमांमधल्या भाषणाची वेळ लिहून काढली आणि अध्यक्षांना सांगितले, की या गतीने आरती सहा वाजून दहा मिनिटांनी होईल. अध्यक्ष हसले. शेजारी खुर्च्यांची घडी करत असलेल्या एक उंच, पिकल्या केसांच्या कॅनेडियन बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि चक्क नागपुरी मराठीत विचारले, "शनिवारी काय करून राहिली तू?"

"काही नाही."

"मग ये. माझ्या पोरींचा वेळ मोजायचा आहे."

मंडळातले बहुतेक जण त्यांना शशिकांत वैद्यांच्या पत्नी म्हणून ओळखतात. त्यांचे मराठी सासूबाईंकडून आले. सासूबाई अकरा वर्षे त्यांच्याकडे होत्या आणि त्यांनी सुनेशी इंग्रजीत बोलायचे साफ नाकारले होते. पण पोरी म्हणजे कोण, हे मला त्या शनिवारी कळले. लोरेन वैद्य इथल्या एका कॉलेजच्या महिला आइस हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षक आहेत.

त्यांनी काम सुरू केले तेव्हा संघाला कपडे बदलायला खोली नव्हती. मुली वॉशरूममध्ये तयार होत आणि कुणालाच नको असलेली पहाटेची वेळ त्यांना सरावासाठी मिळे. काकूंनी तक्रारीचे एकही पत्र लिहिले नाही. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना त्यांनी सरावाला बोलावले, आणि ते आल्यावर म्हणाल्या, "तुमचा कोट इथे ठेवा," आणि वॉशरूममधली ओली फरशी दाखवली. खोली त्याच हिवाळ्यात मिळाली. ही हकिगत त्यांनी मला कधीच सांगितली नाही. ती मला रिंकवर बर्फ सपाट करणारे यंत्र चालवणाऱ्या गृहस्थांकडून समजली.

त्यांची आणखी एक रीत सांगते. दर सप्टेंबरला निवड चाचणीत ज्या मुली गळतात, त्यांची यादी त्या दारावर लावत नाहीत. प्रत्येकीला घेऊन त्या रिंकभोवती एक फेरी मारतात आणि चालता चालता कारण सांगतात. "यादी लावली तर मला त्यांचं तोंड पाहावं लागणार नाही," त्या एकदा म्हणाल्या. "ते बरोबर नाही."

माझे काम साधे होते. आइस हॉकीत खेळाडू सलग खेळत नाही. पाऊण मिनिटभर जीव तोडून स्केटिंग करायचे, बाकाकडे परत यायचे, की दुसरी आत जाते. या एका पाळीला शिफ्ट म्हणतात. कोणाची शिफ्ट किती सेकंदांची झाली, हे मी लिहीत असे आणि सामन्यानंतर काकूंना तक्ता देत असे. मुली मला 'क्लॉक' म्हणत. त्यात प्रेम किती आणि टोमणा किती, हे मी तपासले नाही.

तिसऱ्या वर्षी संघ बाद फेरीत पोहोचला. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते, शुक्रवार, शनिवार आणि गरज पडली तर रविवार. संघाची कर्णधार मेगन हिचे ते कॉलेजमधले शेवटचे वर्ष होते. काकूंचा करारही त्या वसंतात संपत होता आणि निकालावर बरेच अवलंबून आहे, असे सगळे बोलत. शुक्रवारी आम्ही जिंकलो. त्या सामन्यात मेगन एकदा कठड्यावर आपटली, उठली आणि पुढे खेळली. तिच्या नंतरच्या दोन शिफ्ट माझ्या घड्याळात अठ्ठ्याहत्तर आणि त्र्याऐंशी सेकंदांच्या आल्या. मेगन कधी पन्नासच्या वर जात नसे. माझा अंगठा उशिरा दाबला गेला असणार, असे मी ठरवले आणि तक्त्यात शेहेचाळीस व पंचेचाळीस लिहिले. प्रयोगशाळेत बाकीच्यांशी न जुळणारा आकडा दिसला, की पहिला संशय उपकरणावर घ्यायची मला सवय होती. तपासण्याआधी आकडा बदलायची सवय मात्र नव्हती. त्या दिवशी मी तेच केले.

शनिवारी सकाळी चित्रफीत पाहताना घड्याळ बरोबर होते हे दिसले. मैत्रिणी बाकावरून हाका मारत होत्या आणि मेगन भलतीकडेच पाहत बर्फावर उभी होती.

मी बसने काकूंच्या घरी गेले. काका पोहे करत होते. मी उभ्यानेच दोन्ही कागद टेबलावर ठेवले, मूळ आणि बदललेला, आणि काय केले ते सांगितले.

"काहून बदलला?"

"तो बाकीच्यांशी जुळत नव्हता."

काकूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "बाकामागे मी उभी होती. मीही पाहिलं. मला वाटलं, शेवटचं वर्ष आहे, हौस आहे पोरीला. कागदावर असतं तर मी विचारलं असतं. तू लिहिलं नाही, मी विचारलं नाही." काकांनी माझ्यापुढे बशी ठेवली. काकू फोनकडे वळता वळता म्हणाल्या, "खाऊन घे. मग माझ्यासोबत चल. हे तिला तुझ्यासमोर सांगायचं आहे."

मेगन कॉलेजच्या दवाखान्यात आली ती चिडूनच. "कोच, मी ठीक आहे. जरा डोकं दुखतंय, एवढंच."

"डॉक्टर पाहतील."

"माझे शेवटचे सामने आहेत हे."

"माहीत आहे."

"या क्लॉकनं सांगितलं म्हणून मी बाहेर बसू?"

"नाही. मी सांगते म्हणून."

मेंदूला मार लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मेगन माझ्याकडे न बघता निघून गेली. संघ शनिवारी हरला आणि रविवारीही हरला. रविवारी शेवटच्या मिनिटाला एका गोलचा फरक होता. अशा मिनिटाला मेगन बर्फावर असते, हे रिंकमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ती साध्या कपड्यांत काकूंच्या शेजारी उभी होती आणि काकूंचा हात तिच्या पाठीवर होता. तिने तो झटकला नाही.

स्थानिक वार्ताहराने मेगनला न खेळवण्याचे कारण विचारले तेव्हा काकू इंग्रजीत एवढेच म्हणाल्या, "निर्णय माझा होता." माझ्या तक्त्याबद्दल त्या तिथे बोलल्या नाहीत, कॉलेजच्या बैठकीत बोलल्या नाहीत आणि मंडळात तर नाहीच. मंडळाला हे आज पहिल्यांदा मी सांगते आहे. त्यांचा नवा करार तीन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा झाला. पुढच्या सामन्यांसाठी त्यांनी माझ्या हातात कोरे तक्ते दिले. "जसं दिसेल तसं," एवढेच म्हणाल्या.

त्याच एप्रिलमध्ये पुण्यात माझ्या वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आणि मला तातडीने निघावे लागले. काकूंनी मला विमानतळावर सोडले. पूर्ण रस्ताभर त्यांनी एकही धीराचे वाक्य उच्चारले नाही, रेडिओही लावला नाही. मला बोलणे जमले नसते हे त्यांना कसे कळले, ते मी विचारलेले नाही. उतरताना त्यांनी आपले हातमोजे काढून माझ्या हातात घातले. माझे घरी राहिले होते.

मेगनला दोन महिने वाचता येत नव्हते. अक्षरे हलत, उजेड सहन होत नसे. काकू आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जात आणि पडदे ओढलेल्या खोलीत बसून तिला नर्सिंगची पुस्तके वाचून दाखवत. औषधांची नावे त्यांना नीट वाचता येत नसत, तेव्हा मेगन पडल्या पडल्या दुरुस्त करी. तिने राहिलेल्या परीक्षा ऑगस्टमध्ये दिल्या. तोवर वडील सावरले होते आणि मी परतले होते; पदवीदान समारंभाला काकूंनी मला शेजारी बसवले. मंचाला पाच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. मेगन पहिल्या पायरीवर थांबली. काकूंनी माझे मनगट धरले. मग ती सरळ चढत गेली, पदवी घेतली आणि उतरताना आमच्या रांगेकडे पाहून मान हलवली. ती खूण काकूंसाठी होती, असे मी समजले. बाहेर आल्यावर मेगन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुझ्यासाठीही होती, क्लॉक." काकूंनी तोंड फिरवून नाक पुसले आणि थंडीला दोष दिला. त्या दिवशी लख्ख ऊन होते.

काकू आज साठ वर्षांच्या झाल्या. शाल नको, हार नको, असे त्यांनी मंडळाला बजावले आहे, म्हणून हे लिखाण. त्यांचे गुडघे अजून पुष्कळ हिवाळे बर्फावर उभे राहू देत. त्यांची झोप, भूक आणि नजर आता आहे तशीच राहो. आणि ज्या मुलीला बाहेर बसवायचे धैर्य दुसऱ्या कुणाला होणार नाही, तिच्या पाठीवर हात ठेवायला त्या तिथे असोत.