मागची खिडकी बुजवू नको

आज सकाळी लेकीशी माझं थोडं वाजलं. मनीषानं जीपमागं ओढायची, चाकांवरची छोटी खोली घेतलीय. प्रवासासाठी. अंगणात ती स्वतःच तिचं सुतारकाम करतीय. आज मागच्या खिडकीवर प्लायवूड ठोकून तिथं कपाट करायला निघाली.

"आई, त्या खिडकीतून नुसती धूळ येती. मागं बघायचंय काय?"

मला आमची बैलगाडी आठवली. मी सात-आठ वर्षांची असंन. लोहाऱ्याला आजोळी जायचं म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बांबू वाकवून गाडीला छत केलं. कंदिलाला आकडा लावला. धूळ नको म्हणून मागून जाड ताडपत्री शिवून टाकली. गल्लीतले लोक बघायला आले होते.

आजोळाहून परत निघालो तेव्हा आजी पाराजवळ उभी होती. गाडी हलली आणि आईच्या लक्षात आलं, मागचं काहीच दिसत न्हाय. तिनं गाडीतल्या कडब्यातला विळा उचलला आणि ताडपत्री फाडली.

"अगं, नवी हाय ती," दादा म्हणाले.

"धूळ खाईन म्या. पर माय दिसाया पायजे."

 घरी आल्यावर दाभण घेऊन त्या भोकाच्या कडा दादांनीच नीट शिवल्या.

मनीषानं सगळं ऐकलं. कपाट आता बाजूच्या भिंतीला होणार आहे.

परवा ती निघंल. जीपच्या आरशात त्या खोलीच्या पुढच्या आणि मागच्या खिडकीतून आरपार मागचं दिसतं. मी फाटकात उभी राहीन. मागच्या खिडकीतून दिसणारी माय आता मी आहे.

तुमची गाडी वळणाआड जाईपर्यंत कोण उभं राहतं हो?