बोदलकशाचं गिऱ्हाईक

गोंदियात पाळीव प्राण्यांच्या दुकानात मी कामाला होतो, तेव्हा बोदलकशाच्या तलावावरचे एक म्हातारे मासेमार आले. नातीला काचेच्या टाकीत ठेवायला मासा हवा होता. मी जाळीने एकेक मासा दाखवायचो आणि ते नाक मुरडायचे. "हा सुस्त आहे." "याचं पोट पाहा." जणू नातजावईच शोधायला आले होते!

अर्ध्या तासाने मी वैतागलो. "काका, काऊन एवढे नखरे? घ्या ना एखादा."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "त्याच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसून नाही राहिले का तुमाले? बिमार आहे थो."

ठिपके खरंच होते. मी तो मासा वेगळा केला. शेवटी दुसऱ्या टाकीतला एक सोनेरी मासा त्यांना पसंत पडला. तो पिशवीत भरून दिला, तरी ते स्टुलावर बसूनच.

"आता सांगा, याले काय चारू? पाणी कवा बदलू?"

मी हसलो. "तुम्हाला मी काय शिकवणार?"

"बापू, मी जलमभर मासे मारलेच. जगवाचे कसे, ते मले मालूम नाही."

मागे खोळंबलेली गिऱ्हाइकं कुरकुरत होती. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि काकांशेजारी स्टूल ओढून बसलो.