जाहिराती संपल्या की करतो

आमच्यात फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणायची पद्धत नव्हती. त्यामुळे त्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला तसा मी रिसीव्हर कानाला लागायच्या आतच सुरू झालो. “सासरा चुकला, मान्य. पण म्हणून मुलीनं भरल्या पंगतीत ताट ढकलायचं? तुम्ही काहीही म्हणा वसंतराव, पिक्चर तिथंच पडला!” पलीकडून उत्तर नाही. मला वाटलं, आज बरोबर कोंडीत पकडलं. म्हणून आणखी दोन मुद्दे मांडले, त्यातला एक दिग्दर्शकाच्या अकलेविषयी होता... मग कुसुमताईंचा आवाज आला. “अनंतराव, मी बोलतेय. हे खुर्चीतून उठत नाहीयेत हो.”

याला आता दीड महिना होईल. वसंतराव माझे साडू. कुसुमताई थोरली, माझी कुंदा धाकटी. साडू हे नातं तसं बिनकामाचं. लग्नकार्यात दोघांना एकाच सोफ्यावर बसवतात, बायका आत गेल्या की दोघं पंख्याकडे बघतात, आणि जेवणाची हाक आली की एकमेकांना “चला” म्हणतात. आम्ही तीस-बत्तीस वर्षं एवढंच बोललो असू. ते वसईला सांडोरात, केळीच्या वाडीला लागून बांधलेल्या बैठ्या घरात. आम्ही नालासोपाऱ्याला आचोळ्यात, तिसऱ्या मजल्यावर. कुंदा गेली तेव्हा मी धरूनच चाललो होतो की हा सोफाही आता संपला. बायकोच नाही तर बायकोच्या बहिणीचा नवरा माझा कोण?

कुंदाला जाऊन काही महिने झाले असतील. संध्याकाळी आमच्याकडचे लाईट गेले होते. तेव्हा ते रोजचंच होतं. पेपरात वेळापत्रक यायचं, त्याप्रमाणे एकेका भागातले लाईट काढायचे. मी मेणबत्तीसमोर बसून मेणबत्तीकडेच बघत होतो, कारण दुसरं बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. फोन वाजला. आपल्याकडचे टेलिफोन लाईट नसले तरी चालतात, ही त्या खात्याची माझ्यावर मोठी मेहेरबानी. वसंतराव म्हणाले, “लाईट गेले ना तुमच्याकडे? आमच्याकडे आहेत. पिक्चर लागलाय. ऐका.” ना कसे आहात, ना जेवलात का. थेट सुरुवात. “हिरो घरात आला. बूट घालूनच आला. आई काही बोलत नाही. आता गाणं आहे... गाण्याचं काय सांगू, डोंगर आहे, बर्फ आहे, आणि पोरीच्या अंगावर साधा स्वेटर नाही.”

अशी सुरुवात झाली. आमच्या भागाचं वेळापत्रक मला कधी पाठ झालं नाही, त्यांना झालं. लाईट गेले की पाच मिनिटांत फोन. त्यांच्याकडे गेले आणि आमच्याकडे असले की मी सांगायचो, पण माझं सांगणं त्यांना पसंत नव्हतं. मी बापडा गोष्ट सांगायचो. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा वैरी. ते मध्येच तोडायचे, “ते असू द्या हो. दूध तापवलं का कुणी सकाळपासून?” वसंतरावांची पिक्चर बघायची रीतच तशी होती. घर नीट चाललंय की नाही, एवढंच ते बघत. दार उघडं टाकून पळत सुटणारी नायिका त्यांच्या मनातून कायमची उतरत असे. मालिकेतली सून दागिन्यांसकट झोपली की ते कळवळून म्हणत, “कुशीवर वळली तर टोचेल की हो हिला!” एकदा एका रहस्यपटाचा शेवट चालू असताना माझ्याकडचे लाईट गेले. मी अधीर होऊन विचारलं, “खून कुणी केला?” तर म्हणाले, “खुनाचं घेऊन काय बसलात? मघापासून तीन वेळा चहाचा ट्रे आला, एक माणूस प्यायला नाही. एवढा चहा ओतून दिला असणार!” खून कुणी केला ते मला आजतागायत माहीत नाही. एक पिक्चर त्यांनी मला असा सांगितला होता की ती एका न लावलेल्या कडीची करुण कहाणी आहे अशी माझी समजूत झाली. पुढे तो पुन्हा लागला तेव्हा कळलं, त्यात एक आख्खं युद्धही होतं.

मतं मात्र आमची कधी जुळली नाहीत. जुळू नयेत याची काळजी मीही घेत असे. त्यांना आवडलेली मालिका मला आवडली तर मी ते लपवायचो, नाहीतर फोन दोन मिनिटांत आटोपला असता. मागून कुसुमताईंचा आवाज यायचा, “अहो, आमटी गार होतेय. तिकडे त्यांनाही जेवू द्या.” त्या स्वतः टीव्हीसमोर बसत नसत. मालिकांतल्या रडणाऱ्या बायका बघवत नाहीत म्हणायच्या. जाहिराती लागल्या की वसंतराव म्हणत, “जाहिराती संपल्या की करतो,” आणि ठेवत. जाहिरातीसुद्धा सांगा असं मी एकदा सुचवलं होतं, पण त्यांना ते बावळटपणाचं वाटलं.

पुण्याहून मुलगा दर वेळी सांगायचा, “बाबा, इन्व्हर्टर बसवून घ्या. या वयात अंधारात काय बसता?” मी म्हणायचो, कशाला उगाच, तासा-दोन तासांत येतातच की लाईट. मी चिक्कू आहे असं सुनेचं मत झालं. होऊ दिलं. साठीला टेकलेला माणूस लाईट जाण्याची वाट बघत बसतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या रविवारीही लाईट गेले, फोन आला, पिक्चर सुरू झाला. मुलीचं लग्न, सासऱ्याचा हट्ट, अंगणात पंगत बसतेय. वसंतराव खूश होते. “आज जेवताहेत बघा सगळे. पानं मांडलीत, डाव्या बाजूला मीठसुद्धा वाढलंय... जाहिराती लागल्या. संपल्या की करतो.” जाहिराती संपल्या असाव्यात, फोन आला नाही. तेवढ्यात माझ्याकडे लाईट आले. टीव्ही लावला आणि बघतो तर मुलीनं ताट ढकललं. आता वसंतराव या पिक्चरची बाजू कशी घेतात ते बघू, या आनंदात मी फोनकडे बघत बसलो होतो. पुढचं वर सांगितलंच आहे. ते ढकललेलं ताट त्यांनी पाहिलं की त्याच्या आधीच... हे मला कधी कळणार नाही. नसेल पाहिलं तर बरं, असं वाटतं. पानं मांडलेली बघून गेले असतील.

तेराव्याला सांडोरला गेलो. वाडीवाले पास्कलभाऊ केळ्यांचा घड घेऊन आले होते, ओट्यावर टेकून म्हणाले, “कुंपणावरनं रोज सांगायचे ओ, ही सिरीयल बघू नको, ती बघू नको. आता कोण अडवनार? सगळ्या बघाव्या लागतील.” आत टीव्हीसमोर खुर्ची होती. तिच्याशेजारी स्टूल ओढून त्यावर टेलिफोन ठेवलेला, लांब वायरीचा, आणि रिसीव्हर पडू नये म्हणून खाली घडी केलेला पंचा. हे ठिकाण मी कधी पाहिलं नव्हतं. मी नेहमी वायरीच्या दुसऱ्या टोकाला असायचो.

पुण्याहून माझा मुलगा आला होता, त्यानं या वेळी विचारलंच नाही. इन्व्हर्टर बसवून गेला. मीही अडवलं नाही. आता कशासाठी अडवायचं? आता आमच्याकडचे लाईट जातात ते मला खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघून कळतं. पिक्चर अथपासून इतिपर्यंत दिसतो. एकही दृश्य चुकत नाही, आणि संपल्यावर बरा होता की वाईट, ते काही केल्या ठरत नाही.

गेल्या रविवारी असाच बसलो होतो. समोरची इमारत काळी झाली. पाचेक मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला, सवयीनं ‘हॅलो’ न म्हणताच.

“लाईट गेले ना तुमच्याकडे?” कुसुमताई होत्या. “कपाटाला तुमच्या भागाच्या वेळापत्रकाचा कागद चिकटवलाय यांनी, त्यात बघितलं.”

डोक्यावर पंखा फिरत होता, पलीकडून ऐकू येत होता तोच पिक्चर समोरही चालू होता. मी टीव्ही बंद केला. मग ट्यूब. पंख्याचा आवाज तिकडे जाईल म्हणून पंखाही.

“हो, गेलेत,” मी म्हणालो. “सांगा.”

“एक म्हातारा आहे. घरातून निघालाय कुठेतरी... मला यांच्यासारखं नाही हो सांगता येत.”

“दार लावून घेतलं का त्यानं?”

“नाही की! सताड उघडं टाकून गेला मेला.”

“जेवून निघालाय का?” मी विचारलं.

“ते नाही बघितलं मी. थांबा, बघून सांगते,” त्या म्हणाल्या. “जाहिराती लागल्या तरी ठेवू नका हं.”