भाकरीचं सोंग

पीठ शिजवून केलेल्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं की तिला उंदीर-झुरळं तोंड लावत नाहीत, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. नांदेडला ते पुस्तकं बांधायचे. मोरचूद म्हणजे निळ्या खड्यांचं विषच, हात धुवायला ते कधी विसरू द्यायचे नाहीत. त्याच चिमटीपायी माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या जिवावर बेतलं, आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि औशाकडच्या एका गावात मी नवीन मास्तरीण. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. गावातल्या बायका दिवस उगवायच्या आत खडी फोडायच्या कामावर जायच्या. अशात हेडमास्तरांनी फर्मान काढलं. नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला येणार, तर पोरांनी आपलं रोजचं अन्न नटून दाखवायचं. कुणी कांदा, कुणी मिरची, कुणी अंबाडीची जुडी. दुष्काळात लेकरांना जेवणाची सोंगं! आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते लई भारी वाटलं होतं. हौसच दांडगी ना माझी.

दुसरीतली एक पोरगी होती, काटकुळी, कमी बोलणारी. तिला भाकरी व्हायचं होतं, दुसरं काही नको. खळीसाठी मी सगळ्यांना घरून वाटीभर पीठ आणायला सांगितलं, तर ही दोन दिवस रिकाम्या हातानं आली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "पीठ नाही तर भाकरी कशाची करू? बस मग तू नुसती बघत," असं मी सगळ्या वर्गादेखत म्हटलं. जीभ झडली नाही माझी.

दुसऱ्या दिवशी तिनं पीठ आणलं. फडक्यात बांधलेलं, चांगलं दोन ओंजळी. मला वाटलं, बघा, होतं की घरात. अस्संच वाटलं, लपवत नाही.

मग मात्र मी मन लावून केली ती भाकरी. कामट्या वाकवून दोन मोठी कडी, त्यांवर रद्दीचे थर, एक गोल छातीवर, एक पाठीवर, खांद्यावर नाड्या. ज्वारीच्या पिठाची खळ धड चिकटत नाही, म्हणून घट्ट शिजवली, मोरचूद घातलं आणि उरलेल्या खळीचा जाड लेप वरून दिला. निळसर झाक दिसू नये म्हणून त्यावर कोरडं पीठ चोळलं, तव्याच्या काजळीनं डाग दिले. वाळल्यावर तिला पापुद्रेसुद्धा सुटले. हेडमास्तर बघून म्हणाले, "बाई, आता कालवण तेवढं आणा." आम्ही दोघं हसलो.

त्या दिवशी पोरं सकाळी आठलाच नटवून व्हरांड्यात बसवली. साहेबांची जीप आली दुपारी एकला. रांग लावताना मला भाकरीची कड कुरतडलेली दिसली. मनात काय आलं? उंदीर. मोरचूद घालूनही उंदीर कसा लागला, म्हणून मी चिडले. मग पोरीच्या ओठांवरचं पीठ दिसलं, आणि ती तिथंच ओकली. निळं-हिरवं.

हिनं खळ खाल्ली, त्यात मोरचूद आहे, एवढं कसंबसं तोंडातून निघालं. साहेबांच्या चहासाठी राखलेलं दूध तिला पाजलं आणि त्यांच्याच जीपमधून तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत भाकरी काढायला गेले तर नाड्यांच्या गाठी सुटेनात, शेवटी दातांनी तोडल्या. दवाखान्यात तिच्या पोटात नळी घातली. ती सारखी ओकत होती.

संध्याकाळी तिची आई खडीवरून तशीच आली, धुळीनं माखलेली. मी उठून उभी राहिले. ती मारील असं वाटलं, आणि मारायलाच पाहिजे होतं. ती पोरीच्या पायाशी खाली बसली. मग म्हणाली, "डब्यात तेवढंच व्हतं बाई. पोरगी लई रडली. म्हनलं, सायेब येनार हायेत, नेऊ द्यावं."

सकाळी पोरीनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, वाचली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. मी रागावणार असंच तिला वाटलं असावं, कारण मी काही विचारायच्या आत ती घाईघाईनं बोलायला लागली.

"बाई, म्या कुनाचं खाल्लं न्हाई. कांद्याला हात न्हाई लावला, मिरचीला न्हाई लावला. ते आमचंच पीठ व्हतं."