बेल्टला गिट्टी लागू नये म्हणून

आमच्या लेआउटमधल्या बाकीच्या बायका सकाळी आपापलं अंगण झाडायच्या आणि मी रस्ता झाडायचे. आमच्या फाटकापासून वळणावरच्या कडुनिंबापर्यंत. रस्त्याच्या कामाची सांडलेली गिट्टी, म्हणजे खडी, गोळा करून घमेल्यात भरायची आणि ठेकेदाराच्या ढिगावर परत नेऊन टाकायची. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काहून वं, झाडायची नोकरी लागली काय तुले?" मी म्हणायचे, "हो, पक्की लागली. तुमच्यासाठी बोलू काय सायबाशी?" त्या हसायच्या. मीही हसायचे, पण खरं सांगते, तो खराटा कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हे सगळं चाललं होतं एका रबरी बेल्टसाठी. आमचे हे लाइनमन होते. खांबावरून पडले आणि कमरेखालचा जीव गेला. कमरेखालचा जीव गेला म्हणजे नुसते पाय जात नाहीत. लघवीची पिशवी लावावी लागते, ती नळी, ती पट्टी, सगळं रोज सकाळी मी करून द्यायचे आणि ते तेवढा वेळ भिंतीकडे बघत राहायचे. दवाखान्यातून आल्यावर कितीतरी महिने ते पलंगावर पडून होते. बोलणं दोन शब्दांचं. पंखा लाव. दार लोट. ज्या माणसाच्या बडबडीला मी लग्नापासून कंटाळले होते, त्याच्या तोंडून काही निघावं म्हणून मी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. ते भांडणही मला एकटीलाच करावं लागायचं.

त्यांची मोटारसायकल पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती. एक दिवस चादरीकडे बघत तेच म्हणाले, "तिले तीन चाकं लावून घेतो."

सक्करदऱ्याकडचा एक मिस्त्री आला. मागं दोन चाकं, गिअर हातात, ब्रेक हातात, पाठ टेकायला गादी, चाकांच्या खुर्चीवरून सरकून बसता येईल एवढी उंची, सगळं ठरलं. अडलं ते चेनवर. पूर्वी रविवारी सकाळी हे गाडीशेजारी उकिडवे बसायचे, चाक हळूहळू फिरवत चेनला तेल द्यायचे, ताण बघायचे. आमच्या घरातली खरी पूजा तीच होती. आता जमिनीवर बसणं संपलं होतं. मिस्त्री म्हणाला, "त्याचं काय टेंशन घेता भाऊ? वहिनी तेल देऊन देतीन."

"नाही," हे म्हणाले. "दुसऱ्यानं तेल देलं तं चालते, अशी गाडी मले नको. मंग पलंगच काय वाईट आहे?"

म्हणून चेनऐवजी बेल्ट आला. भंगारात आलेल्या कुठल्याशा मोठ्या विदेशी गाडीचा, आतल्या बाजूनं दात असलेला रबरी पट्टा आणि त्याच्या दोन पुल्या. त्याला तेल लागत नाही, ताण सारखा बघावा लागत नाही. मिस्त्रीनं पट्ट्यावर थाप मारून सांगितलं, याले कोनाच्या बापाचं काम नाही.

पहिल्या दिवशी ते एकटे निघाले तेव्हा मी फाटकात तोंडावर पदर धरून उभी होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्या न पाहण्यानं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सक्करदरा चौकाजवळ त्यांच्या मित्राचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंख्याच्या, कुलरच्या जळलेल्या मोटरी तिथं येतात. तार गुंडाळायला हात लागतात आणि डोळे लागतात. ते दोन्ही ह्यांच्याकडे होते. संध्याकाळी घरी आले ते कटकट करतच. चहा पातळ आहे, मित्राला हिशेब कळत नाही, चौकात लोकांना गाडी चालवता येत नाही. मी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडले. देवा, ती कटकट मला किती गोड लागली होती.

मग रस्ता खोदला. आमच्याकडे नागपुरात सगळे रस्ते सिमेंटचे होतात, आमचाही व्हायचा होता. दुष्काळात तेरावा महिना. एक बाजू खणलेली, दुसऱ्या बाजूला गिट्टी आणि दगडाची चुरी पसरलेली. दुचाकीवाला खड्याला बगल देऊन निघून जातो. तीन चाकांचं तसं नसतं. पुढचं चाक वाचवलं तर मागचं सापडतं. आणि पुढचं चाक जी गिट्टी उडवतं ती नेमकी मधे, बेल्टवर. बेल्ट आणि पुली यांच्यामधे खडा गेला की दात तुटतो. एक दात गेला की शेजारचा हलतो. तसा बेल्ट नागपुरात मिळत नव्हता, बाहेरून कधी येईल ते सांगता येत नव्हतं. येत नाही तोवर ते पुन्हा पलंगावर. मला दुसरी कसलीच भीती नव्हती, हीच होती.

मिस्त्रीनं ट्रकच्या मडगार्डचं रबर कापून बेल्टपुढे लावून दिलं. थोडा फरक पडला. उरलेलं मी खराट्यानं करायला लागले. ते आंघोळीला बसले की मी रस्त्यावर. त्यांना कळू नये म्हणून लवकर आवरायचे, पण लेआउटमध्ये कुठली गोष्ट लपते? एक दिवस त्यांनी गाडी कडुनिंबापाशी थांबवली, घमेलं घेऊन येणाऱ्या माझ्याकडे बघितलं आणि चारचौघांत ओरडले, "पुरं नागपूर झाडून काढशीन काय तू? चौकातली गिट्टी कोन झाडीन? लोकं हासून राहिले नं!"

"हासू द्या. मले चालते."

"मले नाही चालत," ते म्हणाले. "तू झाडशीन तेव्हा मी जाईन, तं ते माझं जाणं नाही झालं."

त्या रात्री जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना कुलर मागच्या अंगणातून ओढून आणायला लावला आणि त्याच्या बाजूचा टीन कापायला घेतला. बेल्टला डबा करतो म्हणाले. खुर्चीवर बसून, मांडीवर लाकडी फळी ठेवून, कातर, हातोडी, रिबिटं. मी शिवणकाम करते, मला माप कळतं, म्हणून कागद कापून द्यायला मला बसवलं. दोघं मिळून असं काही आम्ही कधीच केलं नव्हतं. ते मला शिकवत होते, मी चुकले की चिडत होते, आणि मी मुद्दाम चुकत होते.

लाइनमनचं आयुष्य डबे बंद करण्यात जातं. मीटरच्या डब्यात फट राहिली की पाल शिरते, पाल शिरली की शॉर्ट होतो, आणि मग रात्री-बेरात्री बोलावणं येतं. ह्यांच्या बोटांना तीच सवय. बेल्टचा डबा त्यांनी तसाच केला. वरून बंद, खालून बंद, कडांना रबराची पट्टी, कोपऱ्यांच्या फटींत लुकण. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता मुंगी घुसून दाखव म्हणा." चाकाचा दांडा जिथून जातो तिथं तेवढी बोटभर जागा ठेवावीच लागली. मिस्त्रीनं येऊन डबा वाजवून बघितला आणि म्हणाला, "एक नंबर भाऊ, कंपनीवाले बी असा करत नाहीत." काकूसुद्धा बघून गेल्या. कुणालाच काही खटकलं नाही. मी खराटा कोपऱ्यात ठेवून दिला.

मे महिना होता. भर दुपारी दुकानातली लाइट गेली म्हणून ते लवकर घरी निघाले. सक्करदरा तलावाच्या रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागं ट्रक, सिटीबस, सगळे हॉर्न देतायत. खुर्चीशिवाय ह्यांना उतरता येत नाही हे कुणाच्या लक्षात आलं तर कुणाच्या नाही. दोघांनी काही न विचारता काखेत हात घालून त्यांना उचललं आणि कडेच्या भिंतीशी नेऊन बसवलं. माणसं चांगलीच होती. पण त्या उचलाउचलीत नळी निसटली.

त्यांनी मला फोन केला नाही. एका ऑटोवाल्यानं त्यांच्या खिशातून फोन काढून मला लावला. मी पोचले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, पँट भिजलेली, कुणीतरी मांडीवर आपला दुपट्टा टाकलेला. आजूबाजूला बरीच माणसं, एकाच्या हातात पाण्याची बाटली, एक म्हातारा वर्तमानपत्रानं वारा घालत होता. मी खाली बसले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लोकाइले जाय म्हन." मी सगळ्यांना हात जोडले. कुणी हललं नाही, कारण त्यांना वाटलं मी आभार मानतेय.

घरी आणून मी त्यांना धुतलं. पूर्ण वेळ त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मिस्त्रीनं डबा उघडला तेव्हा बेल्टच्या चिंध्या झालेल्या होत्या आणि तळाशी सुपारीएवढी एक गिट्टी पडली होती. दांड्याजवळच्या त्या बोटभर जागेतून शिरलेली. उघड्या बेल्टवर ती एखादा दात खाऊन रस्त्यावर पडली असती. इथं तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. ती आतल्या आत फिरत राहिली आणि सगळं खाऊन बसली. विजेच्या डब्यात काही आत येऊ द्यायचं नसतं आणि बेल्टच्या डब्यातून गिट्टीला बाहेर जाऊ द्यायचं असतं, इतकी साधी गोष्ट. मिस्त्री तो खडा दाखवायला पलंगापाशी घेऊन गेला. ह्यांनी तो हातात घेतला नाही.

नवा बेल्ट आला. डब्याचा तळ कापून मागच्या बाजूनं उघडा आणि उतरता करून घेतला. पावसाआधी रस्ताही पुरा झाला. इतका गुळगुळीत, की गल्लीतली पोरं तिथं स्केटिंग करतात. गिट्टीचे ढीग उचलले, चुरी उडून गेली. गाडी पुसून, हवा भरून पोर्चमध्ये तयार आहे. आणि हे जात नाहीत.

दुकानातल्या मोटरी आता ऑटोनं घरी येतात. पोर्चमध्ये बसून हे त्यांत नवी तार भरतात आणि मोटरी ऑटोनंच परत जातात. सगळे म्हणतात बरी सोय झाली, घरबसल्या काम. मित्र म्हणतो, काकू म्हणतात, माझी बहीणसुद्धा म्हणते. मला या सोयीचा इतका राग येतो की कधी कधी वाटतं सगळ्या मोटरी उचलून तलावात टाकाव्या. मी भांडले, रडले, अबोला धरला, देवाला नवस बोलले. एकदा म्हटलं, "चला, मी मांगं बसतो, दोघं जाऊ चौकापर्यंत. काही झालं तं मी आहे नं."

तार गुंडाळणं न थांबवता ते म्हणाले, "तू मांगं बसशीन तं मंग मी कुठं गेलो वं?"

मी गाडीची सीट पुन्हा एकदा पुसली आणि आत गेले.

मागच्या आठवड्यात पावसाची झड लागली होती. तीन दिवस ऊन नाही, पोर्चमधल्या दोऱ्या भरून गेलेल्या, मी ओले टॉवेल हातात घेऊन जागा शोधत उभी. ते पंख्याची मोटर भरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गाडीच्या हँडलवर टाक नं. तिथं हवा लागते."

मी भांडायला तोंड उघडलं. ते शांतपणे तार मोजत होते, त्यांच्या आवाजात ना राग होता ना दुःख, टॉवेल वाळावा एवढंच होतं. मग मी एक टॉवेल हँडलवर टाकला आणि दुसरा सीटवर पसरला.