चार सेकंद उशिरा उघडलेलं दार

त्याला सगळे रंधा म्हणत. टीव्हीच्या स्टुडिओत तो सुतार होता, आणि लाकडावर रंधा फिरवताना होई तेवढाच काय तो त्याचा आवाज. एरवी तोंडातून चकार शब्द नाही. अंतराळयानाची ती मालिका निघाली तेव्हा यान उभं करायचं काम त्याच्याकडे आलं. प्लायवूड, पत्र्याच्या चाळण्या, मोडक्या रेडिओंची बटणं आणि वरून चंदेरी रंग. "तेरा भाग धड निघाले तरी खूप झालं," दिग्दर्शक म्हणाला होता.

यानाचं मधलं दार आपोआप सरकायचं. म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटायचं. खरं तर दारामागे स्टुलावर रंधा बसलेला असे, हातात दोरी आणि नजर लाल दिव्यावर. दिवा लागला की ओढायची, विझला की सोडायची. तीन वर्षं त्याने ते दार उघडलं नि लावलं, पण पलीकडे काय चाललंय ते एकदाही पाहिलं नाही. घरी त्याची सात वर्षांची लेक टीव्हीसमोरून हलत नसे.

"बाबा, आज कप्तान कसा सुटला माहितेय?"

"दारातूनच सुटला असणार. दुसरी वाट मी केलेलीच नाही."

तिसऱ्या वर्षी त्याची बायको आजारी पडली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी दुपारी, शूटिंग ऐन रंगात असताना, फाटकावरचा रखवालदार चवड्यांवर चालत दारामागे आला आणि त्याच्या कानाशी वाकला. "दवाखान्यातून फोन होता. वहिनी गेल्या."

तेवढ्यात लाल दिवा लागला.

दिवा दिसत होता, दोरी हातात होती, पण हात हलेना. पलीकडे कप्तान आपल्या मेलेल्या सोबत्याच्या खोलीत शिरणार होता. दार उघडत नाही म्हटल्यावर तो नट गडबडला नाही. त्याने दाराला कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. चार सेकंदांनी दार सरकलं. दिग्दर्शकाने आकाशपाताळ एक केलं, पण स्टुडिओची वेळ संपत आली होती. प्रसंग तसाच ठेवावा लागला. रंध्याने ओरडा ऐकून घेतला, दोरी खुंटीला अडकवली आणि दवाखान्याकडे निघाला.

पुढे मालिका बंद झाली. यान मोडून त्याच प्लायवूडची बातम्यांसाठी टेबलं झाली. लेकीला आत्याने वाढवलं. मालिका मात्र लोकांच्या मनातून जाईना. दर दोनचार वर्षांनी ती कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर पुन्हा लागे. लेक मोठी झाली, बसडेपोत वेळापत्रकं लावायच्या कामाला लागली, वडिलांजवळच राहिली, आणि मालिका लागली की दर वेळी नव्याने बघे. रंधा नेमका त्याच वेळी पायात चपला सरकवून बाहेर पडे.

शेहेचाळिसाव्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला.

वॉर्डातल्या भिंतीवर एक टीव्ही होता आणि रोज पाच वाजता त्यावर ती मालिका लागे. शेजारच्या खाटेवर टपालखात्यातून निवृत्त झालेल्या आजी होत्या, पलीकडे कॉलेजातली एक मुलगी. सलाईन बदलायला आलेली नर्सही दारात रेंगाळे. इथून रंध्याला पळता येईना, कारण लेकीने त्याचा हात धरून ठेवलेला. आयुष्यात पहिल्यांदा तो ते दार पुढून उघडताना बघत होता.

"काय बघता एवढं यात?" तो वैतागून म्हणाला. "यंत्र कसलं, चाळणी आहे ती! दिसत नाही?"

"दिसते की," आजी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून दिसते."

मुलगी फिसकन हसली. लेक म्हणाली, "बाबा, चाळणी सगळ्यांनाच दिसते. पण निघायच्या आधी यानातले लोक आपली माणसं मोजतात, बघितलंत? एक जरी कमी भरला तरी यान मागे फिरतं. एरवी कोण कुणासाठी मागे फिरतं? म्हणून बघतात लोक."

चारपाच दिवसांनी तो भाग लागला. कप्तानाने दाराला कपाळ टेकलं आणि नर्सही सलाईनची बाटली हातात धरून बघू लागली.

"यावर अजून वाद चालतो," लेक हळूच म्हणाली. "कुणी म्हणतं, यानालाच दुःख झालं होतं. कुणी म्हणतं, दिग्दर्शकाची कमाल."

"मी होतो मागे," रंधा म्हणाला. "दोरी ओढवेना. रखवालदार नुकताच सांगून गेला होता, तुझी आई गेली म्हणून."

लेकीने त्याचा हात सोडला.

"आईबद्दल कधी एक अक्षर बोलला नाहीत तुम्ही. मला वाटायचं, तुम्हाला काही वाटलंच नसेल."

"बोलायला गेलो की जिभेचंही तसंच व्हायचं गं."

तिने त्याचा घट्टे पडलेला तळवा पुन्हा ओढून घेतला, गालाखाली ठेवला आणि पोटभर रडली. त्यानंतरचे तीन आठवडे ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. आई कशी हसायची, कशावर चिडायची, पोहायला कुठे शिकली, लेकीचं नाव ठेवताना दोघांचं कसं भांडण झालं होतं.

एका सकाळी साडेनऊला तो औषध आणायला खाली गेला. वर आला तेव्हा नर्स खाटेभोवतीचा पडदा ओढून घेत होती.

घरी महिनाभर त्याने टीव्हीला हात लावला नाही. मग एक दिवस पाचच्या ठोक्याला टपालवाल्या आजींचा फोन आला. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. "माझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून बजावलंय. आपली मालिका तुम्ही बघा आणि मला सांगा."

"मला नाही जमायचं."

"जमेल तेवढं सांगा."

त्याने टीव्ही लावला आणि अडखळत सांगायला सुरुवात केली. कप्तान खुर्चीत बसलाय. बाहेर तारे आहेत. ती उंच बाई काहीतरी वाचतेय. मध्येच त्याला रडू फुटलं.

"थांबा हं जरा," तो कसाबसा म्हणाला.

"थांबलेय," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.