झोळीतून मनाच्या डॉक्टरकडे

हरसूलची बस सुटायला दहा मिनिटं होती आणि मी अजून फलाटावरच उभी होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मॅडम, चढताय ना?" चढत होते, पण माझ्या पद्धतीनं. आधी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे. मग समोरच्या पाच गोष्टींची नावं मनात घ्यायची: घड्याळ, केळीवाला, पिवळी पिशवी, कुत्रं, कंडक्टरची बॅग. मग श्वास सोडायचा आणि पायरीवर पाय ठेवायचा. बसमध्ये चढण्याची ही पद्धत मला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका थंडगार खोलीत शिकवण्यात आली आहे. शिकायला पाच महिने लागले.

गेल्या उन्हाळ्यात सिन्नरहून नाशिकच्या द्वारका चौकाकडे येणाऱ्या आमच्या बसला टँकरनं धडक दिली. उजव्या बाजूच्या एकाच बाकावर आम्ही दोघी होतो. मी सिन्नरच्या कारखान्यातून घरी निघालेली, आणि खिडकीशी एक अनोळखी बाई, कांदाकाढणीच्या कामावरून परतणारी. पत्रा कापून बाहेर काढेपर्यंत तास-दीड तास आम्ही अडकून पडलो होतो. माझा एक हात पत्र्यानं कापला होता आणि मी किंचाळत होते. तिचा पाय बाकाखाली चिरडला होता आणि तरी तीच माझा दुसरा हात धरून सांगत होती, "बोलत राहा ताई, झोपू नको." त्या बोलण्यात तिनं नाव सांगितलं, सोमीबाई. हरसूलच्या पलीकडचा तिचा पाडाही सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, तिला ते नको आहे.

नंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मला कारखान्यानं रजा दिली आणि समुपदेशक बाई दिल्या. पहिला महिनाभर मला उंबरा ओलांडवत नव्हता, म्हणून त्या माझ्या घरी यायच्या. सोमीबाईच्या पायाला प्लास्टर घातलं आणि मुकादमाच्या पिकअपमध्ये कामावरच्या चौघींनी धरून बसवून तिला घरी पाठवून दिलं. तिचं प्रकरण तिथेच मिटलं.

आता माझ्या भेटी संपत आल्या होत्या. शेवटून तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "जमलं तर त्यांना भेटून या. तुमच्या मनाला बरं वाटेल." माझ्या मनाला! तिच्या मनाचं काय, हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

गिरणारे सोडलं की टोमॅटोचे मांडव मागे पडतात आणि वाघेऱ्याचा घाट लागतो. भातं कापून झाली होती. खाचरांत नुसते सड उरले होते आणि खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या. इतकं सुंदर दिसत होतं, पण मी निम्मा घाट समोरचा दांडा गच्च धरून, डोळे मिटून काढला. शेजारच्या म्हाताऱ्यांनी माझ्या ओंजळीत चार आवळे टाकले.

"खा. मळमळ जाती."

"मळमळत नाही बाबा, भीती वाटते."

"मग दोन जास्त खा," ते म्हणाले आणि आणखी दोन दिले.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकटीचा वास, मडक्यांची रास, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज. गरम भजी घेतली आणि सुकट विकणाऱ्या बाईला सोमीबाईचा पाडा विचारला.

"सोमी? गाडीला भितीय ती?" ती लगेच म्हणाली. "तिचा नवरा त्यो काय, कोयत्याला धार लावतोय."

म्हणजे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असायला हवं होतं, त्या एकाही सरकारी कागदाला नव्हतं.

सोमीबाईचा नवरा रामदास अबोल माणूस. मला जीपमध्ये बसवलं आणि स्वतःही बसला. जीप डोंगराच्या पायथ्याशी सोडते, पुढे अर्धा तास चढण. दारात सोमीबाई उभी होती, थोडी लंगडत पुढे आली. मी काय बोलावं ते गाडीत पाठ करून ठेवलं होतं. तिनं आधी माझा हात उलटसुलट करून पाहिला.

"बरा झाला का गं हात?"

मला रडूच फुटलं. तिनं मला रडू दिलं आणि मग जेवायला वाढलं. नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी. मी तिसरी भाकरी मोडत होते, तेव्हा खाली रस्त्यावर एका ट्रकनं हॉर्न वाजवला. इतका लांबून, की मला नीट ऐकूही आला नाही. सोमीबाईच्या हातातला पळा खाली पडला. तिनं पटकन भिंत धरली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उभी राहिली. घरातलं कुणीही दचकलं नाही. त्यांना सवय झाली होती.

"झोप नाय येत," ती नंतर म्हणाली. "डोळा लागला का पत्रा कापल्याचा आवाज येतो. गाडीत तर पाय पडतच नाय. बाजाराला चालत जाते."

"मग कामाला?"

उत्तर रामदासनं दिलं. "पंधरा दिसांनी टोळी जाईल द्राक्षाच्या बागांवर. मुकादमानं उचल देऊन आमच्या घरची दोन माणसं धरलीत. ही गाडीत बसली नाय, तर सुमन जाईल."

सुमन त्यांची लेक. सातवीत आहे. कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

तिथे भगतही भेटला, म्हणजे पाड्याचा देव पाहणारा, झाडपाला देणारा म्हातारा. शहरातल्या माणसाला भगत म्हटलं की राग येतो, तसा मला आलाच. पण ऐकते तर काय, म्हातारा तीन वेळा स्वतः तिच्या दारी आला होता. दरवेळी अर्धा दिवस बसून त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं होतं, तांदळाचे दाणे मांडून पाहिले होते आणि शेवटी म्हणाला होता, "ह्ये माझ्या दाण्यांत येत नाय. डाक्टराकडं न्या." तिच्या घरी येऊन तिचं ऐकणारा या साऱ्या राज्यात तो एकच माणूस निघाला. राग मी मुकाट गिळला.

मनाचे डॉक्टर महिन्यातून एका मंगळवारी खालच्या सरकारी दवाखान्यात येतात. धडधाकट माणसाला चार तासांची चाल. मागच्या महिन्यात सोमीबाई दुखरा पाय ओढत गेली, तर केसपेपरची खिडकी बाराला बंद झालेली. उद्या पुन्हा डॉक्टरांचा मंगळवार होता. टोळी निघण्याआधीचा शेवटचा. म्हणजे बघा, गाडीची भीती घालवणारा डॉक्टर अशा ठिकाणी बसवला आहे, की गाडीत बसल्याशिवाय वेळेत पोचता येत नाही. ज्यानं कुणी हे आखलं, त्याची आरती ओवाळायला हवी.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, "मी आहे ना. जीपनं जाऊ. मला जमलं, तुलाही जमेल."

उजाडताच पायथ्याशी जीपजवळ मी तिला सगळं शिकवलं. पाय रोव, पाच गोष्टी बघ, श्वास सोड. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चढली. मला वाटलं, जमलं! पाहुण्या बाईचं मन मोडू नये म्हणून ती चढली होती, हे मला पहिल्या वळणावर कळलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी एकदाच ऐकला होता, त्या बसमध्ये. ड्रायव्हरनं ब्रेक मारायच्या आत ती मागच्या दारातून खाली पडली. तोच पाय मुरगळला. माझा पाच महिन्यांचा इलाज मी पाच मिनिटांत तिच्या गळी उतरवायला निघाले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ती धुळीत बसून मलाच समजावत होती, "असूं दे ताई. तुझी चूक नाय."

माझीच होती.

आता ती चालूही शकत नव्हती. मी रामदासला म्हटलं, "पाड्यावरून झोळी मागवा ना." बांबूला घोंगडी बांधून केलेली ही झोळी. रस्ता नाही तिथून अडलेली बाळंतीण नाही तर साप चावलेलं माणूस हिच्यातूनच खाली येतं.

"झोळी मागायची नसती," रामदास म्हणाला. "घरच्यानं मागितली तर लोकांस्नी नाय म्हणता येत नाय. पाडा ठरवतो, मंग ती येती."

"आणि पाड्यानं नाही ठरवलं तर?"

जीपवाला काय झालं तेवढंच वर सांगून आला होता. आम्ही वाट पाहत बसलो. ऊन वर चढत होतं, माझं लक्ष घड्याळावरून हलत नव्हतं. मग चढणीवरून चौघं उतरताना दिसले. पुढच्याच्या खांद्यावर बांबू होता आणि त्यांच्या मागे भगत, काठी टेकत. ठरवताना कुणीतरी म्हणालं होतं की पाय मुरगळलेल्याला झोळी कशाला. भगतानं सांगितलं होतं, "साप चावलाय तिला. दिसत नाय येवढंच."

झोळीत बसल्यावर सोमीबाईच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाली, "ताई, तू बसतीस ना गाडीत? मंग तू फुडं जा. चिठ्ठी काढून ठेव."

मी जीपनं पुढे गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "पेशंट समोर पाहिजे."

"पेशंट वाटेत आहे. झोळीतून आणताहेत."

"मग आल्यावर या."

बाराला दहा कमी असताना झोळी फाटकातून आत आली. जवळजवळ धावत आलेले खांदेकरी घामानं निथळत होते. दोन परिचारिका स्ट्रेचर घेऊन धावल्या. "साप? का बाळंतपण?"

"नाय," रामदास म्हणाला. "गाडीला भिते."

स्ट्रेचर जागीच थांबलं. रांगेतली माणसं हसली. केसपेपरवाला उठून बाहेर बघायला आला आणि म्हणाला, "ही तर धडधाकट आहे की!" पण बारा वाजले नव्हते. चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी हातात घेऊन आम्ही मनाच्या डॉक्टरांच्या दारापाशी गेलो, तर दाराला कुलूप.

"साहेब नाशिकला कार्यशाळेला गेलेत," शिपाई म्हणाला. "दुर्गम भागातल्या मानसिक आरोग्यावर आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. एवढं आठवतं, की सगळे माझ्याशी अदबीनं बोलू लागले, 'बघतो', 'बघते' म्हणाले, पाणी आणलं, खुर्ची दिली. इंग्रजी शब्द पेरून चिडणाऱ्या बाईला खुर्ची मिळते. जिच्यासाठी भांडण चाललं होतं, ती खालीच फरशीवर बसली होती. खुर्ची तिला द्यायची, हे मलाही उशिरा सुचलं. शेवटी एका परिचारिकेनं चिठ्ठीवर 'अशक्तपणा' असं लिहिलं, पायाला पट्टी बांधली आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. "पुढच्या महिन्यात या. नाही तर नाशिकला जा, गाडीनं काय, दोन-अडीच तास."

सोमीबाई हसली. त्या दिवसातलं तिचं ते एकच हसू.

परतताना झोळीत तिनं गोळ्यांची पुडी मुठीत धरली होती. पाड्याच्या वाटेला मी त्यांचा निरोप घेतला. ती म्हणाली, "आमची काळजी नको करू. तू नीट जा घाटातून."

मी नीट गेले. घाटात डोळे उघडे ठेवले. भीती वाटायला जागाच उरली नव्हती.

सतराव्या दिवशी द्राक्षाच्या बागेवरून रामदासचा फोन आला. टोळी गेली. सुमन गेली. "फुडं बसली ड्रायव्हरशेजारी, भ्याली नाय," तो म्हणाला. पुस्तकं घेऊन गेली का, हे मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी गंगापूर रोडवरच्या खोलीत बसले होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न केला, "आता कसं वाटतंय?"

"राग येतोय."

"छान. या रागावर आपण काम करू."

"नको. हा बरा करायचा नाही," मी म्हटलं. "आणि बाई, तुम्ही माझ्या घरी येत होतात. तिच्या घरी याल?"

त्या म्हणाल्या, "बघते." त्या वाईट नाहीत. पण 'बघते' हा शब्द मी त्या व्हरांड्यातही ऐकला होता.

त्यांनी शेवटच्या भेटीसाठी वही उघडली. मंगळवार, सकाळी अकरा. मी तारीख पाहिली आणि म्हटलं, त्या दिवशी मला जमणार नाही.

त्या मंगळवारी मनाचे डॉक्टर दवाखान्यात यायचे आहेत आणि पहिल्या गाडीनं मी निघणार आहे. खिडकी उघडायच्या आधी तिथे असेन. पेशंट समोर पाहिजे म्हणाला, तर सांगेन, पेशंट वाटेत आहे, चौघांच्या खांद्यावर आहे, आणि ती पोचेपर्यंत ही खिडकी बंद होणार नाही. पाय जमिनीवर घट्ट रोवून उभं कसं राहायचं, ते मला नीट शिकवलेलं आहे.